४३५ अध्यायांची बाकी

"ताई, पवित्र शास्त्र वाचायला बसलं की मला झोप येते. प्रार्थनेला डोळे मिटले की डोक्यात औषधांचा, दुधाचा हिशेब सुरू होतो. माझा विश्वास उडालाय का?"

हा प्रश्न माझ्याकडे जानेवारीत फारसा येत नाही, जून-जुलैत येतो. नव्या वर्षाच्या उपासनेला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'वर्षभरात बायबल' असा तक्ता वाटतात. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीन ते चार. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक गोष्टींच्या ओघात सरतं, दुसरं, निर्गमही अर्धंअधिक रंगतं. मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची मापं येतात, आणि नियमांचं तिसरं पुस्तक, लेवीय, लागलं की गाडी रुतते.

विचारणारी नगर जिल्ह्यातली, अडतीस वर्षांची, पेशाने नर्स. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिला मार्था म्हणू. लूकच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातली, पुष्कळ गोष्टींची दगदग करणारी.

तिच्या बायबलात तो तक्ता घडी घालून ठेवलेला होता. ३१ जानेवारीपर्यंत रोज हिरव्या पेनाने 'बरोबर'ची खूण, एकही चौकटीबाहेर गेलेली नाही. वॉर्डातला ताप-नाडी-श्वास नोंदायचा टीपीआर चार्टच जणू. पुढे सगळं कोरं. ती अडली होती लेवीयच्या १३ व्या अध्यायाशी: कातडीवरचा डाग याजकाने कसा तपासायचा, रोग्याला सात दिवस कसं वेगळं ठेवायचं, अशी ५९ वचनं. "दिवसभर तेच तर करते मी," म्हणाली आणि स्वतःच हसली. मग मोबाइलवर काढलेला आकडा सांगितला. १४ जूनपर्यंत ४३५ अध्याय मागे.

इथे मी चुकले. म्हटलं, तक्ता ठेव बाजूला, रोज पाचच मिनिटं वाच. पंधरा दिवसांनी ती नवा कागद घेऊन आली. पंधरा चौकटी, पंधरा खुणा. "जमलं सगळं. आत काहीच होत नाही." सावकार बदलला होता, कर्ज तेच.

मग मी आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. झोपतेस किती? महिन्यातल्या दहा-बारा रात्रपाळ्या, आणि दिवसा घरी वडिलांचं सगळं. सलग चार तास झोप शेवटची कधी मिळाली ते तिला आठवेना. भूक, रडू, जगणं नकोसं वाटणं, हेही विचारलं. त्या टोकाला ती गेली नव्हती. गेली असती तर मानसोपचार तज्ज्ञाकडे मी स्वतः घेऊन गेले असते. अशा माणसाला "प्रार्थना वाढवा" एवढंच सांगून परत पाठवणाऱ्यांचा मला राग येतो. बायबलातल्या १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून 'आता मरण दे' म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो, तरी देवदूत रागावत नाही, दुसऱ्यांदा उठवून खायला घालतो. देवाची ती मंद वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

"वडिलांना काय झालं?"

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरची संध्याकाळची प्रार्थना तेच चालवायचे. मुलांना एकेक वचन वाचायला लावायचे, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन व्हायचं, आणि जेवताना ठरलेला प्रश्न: "आज काय वाचलंस?" पस्तिशी उलटल्यावरही तो प्रश्न चुकला नव्हता. आता ते खाटेवर आहेत आणि तो प्रश्न विचारणारं कुणी नाही.

तक्ता कोरा कधीपासून आहे ते मी तिला दाखवलं. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी देवावर रागावलेय, ताई. पण हे त्याला कसं सांगायचं?"

आपल्याकडे लहानपणापासून प्रार्थनेची सुरुवात आभाराने करायला शिकवतात, ते चांगलंच आहे. पण बायबलातल्या १५० स्तोत्रांतला तिसरा हिस्सा तरी गाऱ्हाण्यांचा आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. १३ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत 'कुठवर' हा सवाल चारदा येतो. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. आणि तेही शास्त्रच आहे. मी तिला १३ वं दिलं, सहाच वचनांचं. म्हटलं, मोठ्याने वाच, जो शब्द टोचेल तिथे थांब, पुढे गेलं नाही तरी चालेल. ही रीत जुनी आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवापुढे असणं. खूण करायची नाही, एवढीच माझी अट.

आधी मात्र भावाला फोन करायला लावला. आठवड्यातल्या दोन रात्री वडिलांपाशी तो येऊ लागला. हे मी उपचारातच धरते.

आणखी एक सुचवलं, जे नर्स म्हणून तिला माहीत होतं, मुलगी म्हणून सुचलं नव्हतं. वाचा गेलेल्या पुष्कळ रुग्णांना स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही, पण पाठ असलेली प्रार्थना किंवा गाणं कधीकधी ओठांवर येतं. त्यांच्या खाटेशी बसून वाच, म्हटलं. आलं तर आलं.

ऑगस्टमध्ये ती आली तेव्हा तक्ता आणला नव्हता. १३ व्या स्तोत्रावरच तीन आठवडे होती. एकदा 'कुठवर'वर इतकी रडली की वाचन तिथेच राहिलं, आणि त्या दिवशी दुपारी गाढ झोपली. मन अजूनही भरकटतं, दुधाचा हिशेब अजूनही मध्ये येतो. मी म्हटलं, येऊ दे, दुधाचंही सांग त्याला.

वडिलांसमोर ती येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणत होती. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी 'आमची रोजची भाकर' इथे त्यांचे ओठ हलले. "भाकर," ते म्हणाले. परत, "भाकर, भाकर." पुढचं येईना.

"प्रार्थना म्हणत होते की भूक लागली होती, कळेना," मार्था सांगत होती, डोळे पुसत आणि हसत. "मग उठले, दुधात कुस्करून दिली. सगळी खाल्ली."