पी-ई-डी या तीन अक्षरांमागची निरनिराळी कुळे

आपला प्रश्न असा आहे: शब्दसंपदा वाढवण्यासाठी आपण वापरत असलेल्या पुस्तिकेत ‘पी-ई-डी म्हणजे पाय’ असे सूत्र दिले आहे. पेडल आणि पेडेस्ट्रियन या शब्दांना ते बरोबर लागू पडते. मग एन्सायक्लोपीडिया, पेडगॉजी, ऑर्थोपेडिक, पेडिग्री, टॉर्पेडो आणि स्टॅम्पीड या सहा शब्दांत पाय कुठे आहे? थोडक्यात सांगायचे तर या सहांपैकी पाय फक्त पेडिग्रीत आहे, आणि तोही माणसाचा नाही. पुस्तिकेतील सूत्र खोटे नाही, पण अर्धवट आहे, आणि अर्धवट सूत्र पाठ असले की अनोळखी शब्दाचा अर्थ चुकीचा लावूनही आपले बरोबर आहे असे वाटत राहते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जिथे सूत्र खरे आहे, तो भाग आधी पाहू. लॅटिनमध्ये पायाला ‘पेस’ म्हणतात, पण विभक्तीचे प्रत्यय लागताना त्याचे अंग ‘पेद्’ असे होते आणि इंग्रजीतील आपली तीन अक्षरे या अंगातून आली आहेत. संस्कृतातील ‘पद्’ आणि ‘पाद’ हे त्याचे सख्खे भाईबंद, आणि आपला ‘पाय’ हा ‘पाद’वरूनच घडलेला. इंग्रजीचा स्वतःचा, कोणाकडून उसना न घेतलेला ‘फूट’ हा शब्दही याच मुळाचा आहे. इंग्रजी, जर्मन यांच्या जर्मॅनिक भाषाकुळात मूळच्या ‘प’चा ‘फ’ आणि ‘द’चा ‘ट’ झाला, हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये पद्धतशीरपणे मांडला. पितृ आणि फादर, दश आणि टेन या जोड्या शेजारी ठेवल्या की ‘पाद’ आणि ‘फूट’ यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पेडल, पेडेस्ट्रियन, पेडेस्टल, पेडिक्युअर, बायपेड, सेंटिपीड ही सगळी या कुळातील सरळ उदाहरणे आहेत आणि त्यांच्यावर थांबण्याची गरज नाही.

थांबायला हवे ते एक्सपिडाइट आणि इम्पीड या जोडीपाशी. एकाचा अर्थ काम लवकर मार्गी लावणे, दुसऱ्याचा अडथळा आणणे. वरवर पाहता दोहोंचाही पायाशी संबंध दिसत नाही. परंतु लॅटिनमध्ये ‘इम्पेदिरे’ म्हणजे पाय अडकवणे, पायांना बेडी घालणे, आणि ‘एक्स्पेदिरे’ म्हणजे अडकलेला पाय सोडवून मोकळा करणे. एकाच पायाला एकदा ‘आत’ आणि एकदा ‘बाहेर’ असा अर्थ देणारा उपसर्ग लावला आणि परस्परविरोधी अर्थाची दोन क्रियापदे तयार झाली. रोमन सैन्याबरोबर जे ओझे, सामानसुमान चाले, त्याला ‘इम्पेदिमेंता’ म्हणत, कारण त्यामुळे सैन्याची पावले मंदावत. एक्सपिडिशन म्हणजे मोहीम, हाही शब्द त्या मोकळ्या केलेल्या पायाचाच आहे. पुस्तिकेतील सूत्राचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो, कारण येथे ते पाठांतरापुरते न राहता अर्थ उलगडून दाखवते.

पेडिग्रीची कथा याहूनही वेगळी आहे. पेडिग्री म्हणजे वंशावळ किंवा कुळाची नोंद, आणि हल्ली तो शब्द घोड्याकुत्र्यांच्या बाबतीत अधिक ऐकू येतो. पंधराव्या शतकात तो इंग्रजीत आला, तो इंग्लंडमधील नॉर्मन फ्रेंचमधून. तिथे त्याचे रूप ‘पे द ग्रू’ असे होते आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘क्रौंच पक्ष्याचा पाय’. जुन्या वंशावळींत पूर्वजाच्या नावापासून वारसांच्या नावांकडे जाणाऱ्या रेषा एका बिंदूतून फाकत. मधली सरळ आणि दोन बाजूंच्या तिरक्या. ती खूण ओल्या मातीत उमटलेल्या पक्ष्याच्या पावलासारखी दिसे, म्हणून खुणेला हे नाव पडले आणि खुणेचे नाव पुढे संपूर्ण वंशावळीला मिळाले. फ्रेंचमधील तीन शब्द इंग्रजीत एकजीव झाल्याने ‘ग्रू’ म्हणजे क्रौंच हे आज कोणालाही जाणवत नाही. ज्या शब्दाचा अर्थच कुळ असा, त्याचे स्वतःचे कूळ एवढे सुरेख निघावे, याचा मला आजही मनापासून आनंद होतो.

आता दुसरे कूळ, ज्याच्यामुळे आपला गोंधळ उडाला. ग्रीकमध्ये मुलाला ‘पाइस’ म्हणतात आणि त्याचे अंग ‘पाइद्’ असे आहे. त्याचा पायाशी काहीही संबंध नाही. अनेक भाषाशास्त्रज्ञ तो शब्द संस्कृतातील ‘पुत्र’च्या नात्यातला मानतात. मग ‘पाइद्’ आणि ‘पेद्’ इंग्रजीत एकसारखे का दिसू लागले? रोमन लोक ग्रीक शब्द आपल्या लिपीत लिहिताना ‘आइ’ या संयुक्त स्वरासाठी ए (a) आणि ई (e) ही दोन अक्षरे जोडून लिहीत. इंग्रजीने लॅटिनकडून शब्द घेतले तेव्हा ही जोडीही घेतली. ब्रिटिश वर्णलेखनात ती बऱ्याच शब्दांत टिकून राहिली. अमेरिकन वर्णलेखनाने त्यातील ए गाळून नुसता ई ठेवला. तो ए गळताच मूल आणि पाय यांच्यातील लेखी फरक पुसला गेला. त्यामुळे पीडियाट्रिक्स म्हणजे बालरोगचिकित्सा, हा शब्द लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात ए-सह दिसेल आणि न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या पुस्तकात ए-शिवाय. पेडलमध्ये मात्र दोन्हीकडे ए सापडणार नाही, कारण तो तिथे कधी नव्हताच.

ही कसोटी चांगली आहे, पण तिलाही मर्यादा आहे. पेडगॉजी हा शब्द ‘पाइद्’चाच असूनही ब्रिटिश लोक तो आज सर्रास नुसत्या ई-ने लिहितात. म्हणून त्याचा इतिहासच पाहावा लागतो. प्राचीन ग्रीसमध्ये ‘पाइदागोगोस’ हा शिक्षक नसे. श्रीमंत घरातील मुलाला शाळेत नेणारा, परत आणणारा आणि त्याच्या वागण्यावर नजर ठेवणारा तो गुलाम असे. ‘पाइद्’ म्हणजे मूल आणि ‘आगोगोस’ म्हणजे नेणारा. पुढे मुलाला शाळेपर्यंत नेणाऱ्याचे नाव मुलाला ज्ञानापर्यंत नेणाऱ्याला मिळाले, आणि त्याच्या कार्याचे शास्त्र ते पेडगॉजी. तोच ‘आगोगोस’ डेमॅगॉग या शब्दातही आहे, फक्त तिथे मुलाऐवजी ‘देमोस’ म्हणजे लोकसमुदाय आहे.

उच्चारावरून काही कळेल, अशी आशा मात्र ठेवू नये. पेडल आणि पेडगॉजी यांत आपण ‘पे’ म्हणतो, पण पहिला पायाचा आणि दुसरा मुलाचा. इम्पीड आणि पीडियाट्रिक्स यांत ‘पी’ म्हणतो, तिथेही तेच.

ऑर्थोपेडिकच्या बाबतीत आपली फसगत होणे अगदी स्वाभाविक आहे, कारण त्या विभागात पायाचे रुग्ण खरोखरच असतात आणि ‘सरळ पाय’ असा अर्थ जुळतोही. पण हा शब्द कोणी आणि का घडवला, हे आपल्याला नेमके ठाऊक आहे. पॅरिसमधील वैद्यकाचे प्राध्यापक निकोला आन्द्री यांनी १७४१ मध्ये मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळणे आणि सुधारणे या विषयावर पुस्तक लिहिले, आणि त्याचे नाव ठेवण्यासाठी ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पाइदिऑन’ म्हणजे लहान मूल हे दोन ग्रीक शब्द जोडून ‘ऑर्थोपेदी’ हा नवा शब्द तयार केला. त्या पुस्तकात एक चित्र आहे: वाकड्या खोडाचे झाड एका सरळ खुंटाला दोराने बांधलेले आहे. कोवळे असताना आधार दिला तर वाढ सरळ होते, हा आन्द्री यांचा सगळा विचार त्या चित्रात आहे, आणि अस्थिव्यंगोपचार करणाऱ्या जगभरच्या अनेक संस्था ते चित्र बोधचिन्ह म्हणून आजही वापरतात. कालांतराने या शाखेत सर्व वयांचे रुग्ण आले, हाडे आणि सांधे हा तिचा मुख्य विषय झाला, आणि नावातील मूल विस्मरणात गेले.

एन्सायक्लोपीडियातही मूलच आहे, पण एक पायरी पलीकडे. ‘पाइद्’वरून ग्रीकमध्ये ‘पाइदेइआ’ हा शब्द झाला, त्याचा अर्थ मुलाचे संगोपन आणि शिक्षण. ‘एन्कीक्लिओस पाइदेइआ’ म्हणजे सर्वांगीण शिक्षण, एखाद्या विशेष विद्येकडे वळण्याआधी प्रत्येकाने पुरा करावा असा अभ्यासाचा फेरा. त्यातील ‘कीक्लोस’ म्हणजे वर्तुळ. लॅटिन ग्रंथांच्या हस्तलिखितांत नकलाकारांनी हे दोन शब्द एकच समजून जोडून टाकले आणि त्या जोडशब्दातून एन्सायक्लोपीडिया जन्माला आला. १७६८ मध्ये एडिंबरो येथे प्रकाशित होऊ लागलेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका या ज्ञानकोशाच्या नावात ए आणि ई ही अक्षरे एकमेकांना चिकटवून छापलेली आढळतात. ती ‘पाइद्’ची डोळ्यांना दिसणारी खूण आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने याच शब्दाचे शेपूट उचलले, पण ते लिहिले अमेरिकन पद्धतीने, त्यामुळे तिथे ती खूण उरलेली नाही.

आपल्या यादीतील उरलेल्या दोन शब्दांत ही तीन अक्षरे निव्वळ योगायोगाने शेजारी आली आहेत. टॉर्पेडोची फोड ‘टॉर्प’ आणि ‘एडो’ अशी होते. लॅटिनमध्ये ‘टॉर्पेरे’ म्हणजे बधिर होणे. इंग्रजीतील टॉर्पिड म्हणजे सुस्त, हा शब्द तिथलाच. स्पर्श करताच विजेचा झटका देऊन अंग बधिर करणाऱ्या एका चपट्या माशाला रोमन लोक टॉर्पेडो म्हणत, आणि पाण्याखालून घात करणाऱ्या अस्त्राला ते नाव फार नंतर मिळाले. स्टॅम्पीड हा शब्द मेक्सिकोतील स्पॅनिशमधल्या ‘एस्तांपीदा’वरून अमेरिकेच्या सीमाभागात इंग्रजीत आला. त्याचा ‘प’ इंग्रजी स्टॅम्पच्या नात्यातला आहे, आणि पुढचा भाग हा स्पॅनिश प्रत्ययाचा अवशेष आहे. चेंगराचेंगरीत माणसे आणि जनावरे पायांनीच धावतात हे खरे, पण व्युत्पत्ती तशी लागत नाही. तसे पाहिले तर इंग्रजी मजकुरात पी-ई-डी हा क्रम सर्वांत जास्त वेळा येतो तो स्टॉप्ड, हेल्प्ड, डेव्हलप्ड अशा भूतकाळी रूपांत, आणि तिथे पी क्रियापदाचा व बाकीची दोन अक्षरे प्रत्ययाची, हे आपण न सांगता ओळखतो. टॉर्पेडोला तीच नजर लावायची, एवढेच.

पेडिमेंट हा शब्द आपण विचारलेला नाही, पण तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या पद्धतीच्या इमारतीच्या दर्शनी खांबांवर जो त्रिकोणी भाग असतो, त्याला पेडिमेंट म्हणतात. सर्वांत उंच भागाच्या नावात पाय कसा? सोळाव्या शतकात या शब्दाचे रूप ‘पेरिमेंट’ असे होते, आणि तो बहुधा कारागिरांच्या तोंडी बिघडलेला ‘पिरॅमिड’ असावा, असे कोशकारांचे मत आहे. पुढे लॅटिनच्या ओढीने त्यात डी शिरला. म्हणजे ‘पेद्’ची सवय इतकी बळकट होती की तिने एका परक्या शब्दाचे वर्णलेखनच बदलले.

सूत्राची उलट बाजूही लक्षात ठेवावी: तीन अक्षरे नसलेल्या कितीतरी शब्दांत पाय आहे. ऑक्टोपस आणि ट्रायपॉड यांत ग्रीक पाय आहे. इम्पीच हा शब्द लॅटिन ‘पेदिका’ म्हणजे पायबेडी हिच्यावरून जुन्या फ्रेंचमार्गे आला. त्याचा पहिला अर्थ अडवणे हा होता, महाभियोग नंतरचा. बुद्धिबळातील पॉन हा मूळचा ‘पेदो’, म्हणजे पायी लढणारा शिपाई. आपण त्या सोंगटीला प्यादे म्हणतो, तो शब्द फारसी ‘पियादा’वरून आला, आणि त्याचाही अर्थ पायदळातील शिपाई, दोन्ही नावे एकाच मुळाची असून एकमेकांना न ओळखता एकाच पटावर उभी आहेत. पीऑन म्हणजे शिपाई आणि पायोनियर हेही त्या पायदळातलेच. टीपॉयचा चहाशी संबंध नाही. तो हिंदी ‘तिपाई’ आहे, आणि त्यातला पॉय म्हणजे पाय. चहाच्या समजुतीने इंग्रजांनी त्याचे वर्णलेखन तसे केले.

तेव्हा अनोळखी शब्द समोर आला की प्रथम त्याचे ब्रिटिश वर्णलेखन पाहावे. ए दिसला तर मूल. ए नसेल तर उरलेला भाग दुसऱ्या एखाद्या शब्दात त्याच अर्थाने भेटतो का, ते तपासावे. ‘ऑर्थो’, ‘सेंटि’, ‘एक्स’ हे भाग अन्यत्र भेटतात. ‘टॉर’ आणि ‘स्टॅम’ हे तसे भेटत नाहीत, म्हणजे आपण शब्द चुकीच्या जागी तोडला आहे. एवढ्याने भागले नाही तर व्युत्पत्ती देणारा कोश उघडावा. तो उघडावाच लागेल असा एक शब्द म्हणजे पेडॉलॉजी. मातीच्या थरांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचे हे नाव ग्रीक ‘पेदोन’ म्हणजे जमीन यावरून आले आहे, आणि ते ‘पेदोन’ पायाच्याच मुळाचे, कारण जमीन म्हणजे जिच्यावर पाय टेकतो ती. पण मुलांच्या वाढीच्या अभ्यासालाही हेच नाव दिले गेले होते, ते ‘पाइद्’वरून. ब्रिटिश पद्धतीने लिहिले तर मुलांच्या शास्त्रात ए येतो आणि मातीच्या शास्त्रात येत नाही. अमेरिकन पद्धतीत मात्र दोन्ही शब्द अक्षरशः एक होतात, आणि मग आजूबाजूच्या वाक्यांत माती आहे की मुले, हे पाहूनच अर्थ ठरवावा लागतो.