तारण: गहाणातले आणि सुवार्तेतले

प्रश्न: नाशिकच्या शरणपूर रोडने जाताना एका फलकावर ‘सुवार्ता ही तारणासाठी देवाचे सामर्थ्य आहे’ असे वाचले. थोडे पुढे पतसंस्थेची पाटी होती, ‘सोनेतारण कर्ज’. ख्रिस्ती लोकांनी गहाणाचा शब्द का घेतला? मोक्ष किंवा मुक्ती का नाही?

गहाणाचा शब्द त्यांनी घेतलेला नाही. मूळ क्रियापद पाहिले की उलगडा होतो. मरणे–मारणे, पडणे–पाडणे तशी तरणे–तारणे ही जोडी आहे. पोहता येणारा स्वतः तरतो. बुडणाऱ्याला मात्र दुसऱ्या कोणीतरी तारावे लागते. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीत अशी दोन प्रयोजक क्रियापदे समोरासमोर उभी आहेत. गोदावरीला पूर आला की पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पोचले हे बघायला धावणाऱ्या नाशिककराला तरणे आणि तारणे यांतला फरक कोशात शोधावा लागू नये. सावकाराकडचे तारणही याच अर्थाचे: कर्ज बुडाले तरी ठेवलेला दागिना त्याचे पैसे तारतो.

फलकावरचे वाक्य बायबलातल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातले आहे, पहिल्या अध्यायाची सोळावी ओवी. तिथला ग्रीक शब्द ‘सोतेरिया’, आणि त्याचे क्रियापद ‘सोझो’. हे क्रियापद अगदी रोजच्या व्यवहारातले आहे. बायबलातल्याच मत्तयाच्या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालता चालता वारा पाहून घाबरतो, बुडू लागतो आणि ओरडतो, ‘प्रभू, मला वाचवा!’ तिथे हेच क्रियापद आहे. येशू हात पुढे करून त्याला धरतो. रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेल्या स्त्रीला येशू ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ म्हणतो, तिथेही हेच. मराठीत एका ठिकाणी वाचवणे, दुसरीकडे बरे करणे, तिसरीकडे तारणे असे तीन शब्द आले, म्हणून वाचकाला हा धागा दिसत नाही. मला मात्र पेत्रासाठी पुढे आलेला येशूचा तो हात धरूनच ‘तारण’ कळते.

मोक्ष आणि मुक्ती यांच्या मुळाशी सुटणे आहे, आणि त्यांच्याबरोबर जन्ममरणाच्या फेऱ्याची कल्पना येते. पौल बोलतो पापाबद्दल आणि त्यातून देवाने केलेल्या सुटकेबद्दल. शिवाय मोक्ष आपण ‘साधतो’, ‘मिळवतो’. तारण ‘होते’. माझी आजी शरणपूरच्या चर्चला जाणारी. ती ‘माझं तारण झालंय’ म्हणायची. ‘मी तारण मिळवलं’ असे तिच्या तोंडून कधी ऐकले नाही. इफिसकरांस पत्रात हेच सांगितले आहे: तारण कृपेने झाले, ते तुमच्या हातून झालेले नाही, ते देवाचे दान आहे. आजीचे व्याकरण आणि तिचा विश्वास इथे एकच होते.

आता ‘सुवार्ता’. ग्रीक ‘युआंगेलियोन’ म्हणजे चांगली बातमी. इसवी सनापूर्वी 9 सालच्या, आजच्या तुर्कस्तानातल्या प्रिएने इथल्या शिलालेखात रोमन सम्राट ऑगस्टसच्या जन्माबद्दल हाच शब्द अनेकवचनात येतो. बातमी घडून गेलेल्या गोष्टीची असते. उपदेश म्हणतो, असे करा. वार्ता म्हणते, असे झाले आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. पौलाचे वाक्य नीट वाचा. सुवार्ता सामर्थ्याविषयी माहिती देते असे तो म्हणत नाही, ती स्वतःच सामर्थ्य आहे म्हणतो, आणि ते विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी. ‘शुभवर्तमान’चा अर्थही हाच, पण मराठी बायबलात तो शब्द मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या ग्रंथांच्या नावांत अधिक रुळला.

आणि तारण परके मुळीच नाही. भवसागर तरून जाण्याची भाषा आपल्या संतांची. नाशिकशी जवळचे नाते असलेले, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तर म्हणत, तुकारामांच्या सेतूवरून मी ख्रिस्ताकडे आलो. तरणे, तारू, सेतू हे सगळे एकाच काठावरचे शब्द.

घोटाळा टाळायचा तर क्रियापदाकडे बघा. गहाणाचे तारण ‘ठेवतात’, ‘सोडवतात’. हे तारण ‘होते’, माणूस ते ‘पावतो’. पत्रकांवर हल्ली ‘तारण मिळवा’ असे छापलेले दिसते, ते मला खटकते. मी तिथे ‘तारण पावा’ लिहीन.