अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात चेरी-पीच पश्चिमेला, लेक मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यालाच का? किनाऱ्यापासून दूर, आतल्या भागात लान्सिंगजवळ पाच एकर स्वस्तात मिळतेय, तिथे चेरी लावू का?

‘सरोवरामुळे तिकडे ऊब असते’ हे उत्तर ऐकून कान किटले. ऊब हिवाळ्यात. पण खरा खेळ वसंतातला. तेव्हा लेक मिशिगनचं पाणी गारठलेलं असतं, पश्चिमेचा वारा त्यावरून येतो आणि कळ्या उमलायला वेळ लावतात. फुलोरा लांबला की दंव चुकतं. ऐन फुलोऱ्यात उणे 2.2 अंशाला अर्धा तास गेला तर सफरचंदाची सुमारे 10 टक्के फुलं मरतात, उणे 3.9 ला 90 टक्के. दोन अंशांचाही फरक नाही!

आधी या किनाऱ्यावर पीचचं राज्य होतं. दक्षिणेकडच्या सेंट जोसेफ बंदरातून माल बोटीने थेट शिकागोला जायचा. 1860 च्या दशकात ‘यलोज’ रोग आला. फळ वेळेआधी पिकतं, सालीवर लाल ठिपके पडतात, कापलं तर गरात लाल रेघा, फांदीवर तारेसारखे किडकिडीत फुटवे. औषध नाही, झाड मुळासकट उपटून जाळायचं. 1875 मध्ये राज्याने तसा कायदाच केला. पण फळं लगडलेलं झाड कोण हौसेने उपटेल? सेंट जोसेफच्या बागा गेल्या, पीच उत्तरेला साउथ हेवनकडे सरकलं. 1940 चं रेडहेवन वाण तिथल्याच संशोधन केंद्राचं. चेरी आणखी वर, ट्रॅव्हर्स सिटीकडे.

भाजीचं गणित उलटं, ती सखल जागीही चालते. कॅलमाझूची सेलरी डच स्थलांतरितांनी दलदलीचा निचरा करून काळ्या मातीत घेतली. सखल भागात दंव जास्त पडतं, पण हंगामी रोप दंव सरल्यावर लावता येतं. झाड काय उचलून ठेवणार?

आता तुमची जमीन. ‘रेताड माती मिळाली की चेरी झाली’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. निचरा हवाच, महालेब खुंटावर कलम केलेल्या माँटमोरेन्सी या आंबट चेरीची मुळं चिकण मातीत कुजतात. पण आधी उतार बघा. ग्रँड रॅपिड्सजवळची ‘फ्रूट रिज’ सरोवरापासून बरीच आत, माती भारी, तरी सफरचंदाचं आगर. कारण उंची. थंड हवा जड असते, खाली ओघळून जाते.

एप्रिल-मेमध्ये सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागी दीड मीटरवर एकेक किमान तापमापक टांगा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्रींचे आकडे लिहा. खाली दोन-तीन अंश कमी दिसले तर तिथे झाड लावू नका. उताराच्या पायथ्याला झाडांचं दाट कुंपण असेल तर त्यात वाट पाडा, नाहीतर गार हवा बांध घातल्यासारखी अडते. जमीन पाटासारखी सपाट असेल तर माझ्या मते चेरीचा नाद सोडा, उशिरा फुलणारं सफरचंद बघा.

बाकी किनारा म्हणजे विमा नव्हे. 2012 मध्ये मार्चातच उन्हाळा आला, कळ्या फुटल्या, एप्रिलच्या दंवाने आंबट चेरीचं सुमारे 90 टक्के पीक नेलं. दंव टाळायला बागेत लावतात ते मोठे पंखे वर उबदार हवेचा थर असेल तरच कामाचे; वाऱ्याबरोबर आलेल्या थंडीत नुसतं इंधन जळतं.