दीड मार्काने राहिलास, आता पुढे

"एमपीएससीच्या राज्यसेवेला तिसऱ्यांदा पूर्व परीक्षेतच राहिलो, तेही दीड मार्काने. अभ्यासिकेत जायची लाज वाटते. मन खंबीर कसं करू?" असं तू विचारलंयस. 'हार मानू नकोस' हे तुला आतापर्यंत दहा जणांनी सांगून झालं असेल, म्हणून ते सोडून बोलते.

माझ्या चार पूर्व, दोन मुख्य आणि एक मुलाखत झाली. उपजिल्हाधिकारी होणार म्हणून गावाहून पुण्यात सदाशिव पेठेत आले होते. आज कर सहायक आहे.

खंबीर म्हणजे काहीच न वाटणं, अशी माझीही समजूत होती. निकाल लागला की मैत्रिणीसमोर हसायचं आणि त्याच संध्याकाळी पुस्तक उघडून बसायचं. तीन तास एकाच पानावर. तो निगरगट्टपणा होता, आणि तोही खोटा. पुढे मी ठरवूनच टाकलं की निकालानंतर दोन दिवस रडायचं, झोपायचं, मेसऐवजी बाहेर जेवायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तरतालिका घेऊन बसायचं.

खरी परीक्षा २०२१ मध्ये झाली. राज्यसेवेची जी पूर्व ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती, ती कोरोनामुळे पुढे जात जात १४ मार्च २०२१ वर आली. मग ११ मार्चला कळलं की तीही पुढे गेली. शास्त्री रोडवर मुलं उतरली, त्यात मीही होते, आणि त्या रागाबद्दल आजही मला वाईट वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही नवी तारीख आली. हातात दहाएक दिवस होते, त्यातले चार मी मोबाइलवर चर्चा वाचण्यात घालवले. शेजारच्या खोलीतली मुलगी माझ्याइतकीच ओरडली होती. रात्री आली, डबा खाल्ला आणि सकाळी सहाला पॉलिटीची, म्हणजे राज्यघटनेच्या विषयाची, उजळणी करत होती. तिचं मन माझ्यापेक्षा दगडाचं होतं असं नाही. तिचा दिवस आधीच बांधलेला होता, एवढंच. आपण मनाला धार लावत बसतो, आणि ऐन वेळी धावून येते ती सवय.

मला सावरलं ते मात्र टायपिंगच्या क्लासने. हसू नकोस! कर सहायकाला मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून वडिलांच्या आग्रहाखातर मी नाइलाजाने जायला लागले. रोज एक तास. पहिल्या महिन्यात बोटं अडखळायची, तिसऱ्या महिन्यात वेग वाढलेला दिसायला लागला. वर्षभर घासून कटऑफकडे डोळे लावणाऱ्या माणसाला, आज केलेल्या मेहनतीचं माप आजच मिळणं ही केवढी मोठी गोष्ट असते! मुलाखतीनंतर अंतिम यादीत नाव नव्हतं, त्या आठवड्यातही मी क्लासला गेले. चुका बक्कळ झाल्या, पण गेले. दिवसातला एक तास तरी असा हवा की ज्याचा निकाल कुठल्याही यादीत लागत नाही. तुझ्यासाठी ती तालीम असेल, शिकवणी असेल, घरच्या शेताचा हिशेब असेल.

आता कडू बोलते. थांबायचं कधी हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. वयाची अट खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत आहे, म्हणजे व्यवस्थेच्या हिशेबाने तू अजून बरीच वर्षं बसू शकतोस. क्लासवाले तर थांब म्हणणारच नाहीत. तेव्हा शेवटचा अटेम्प्ट कोणता हे आत्ताच, डोकं शांत असताना, कागदावर लिही आणि घरी एकाला सांग. पुढच्या निकालाच्या रात्री ठरवू नकोस. त्या रात्री माणूस एक तर सगळं सोडतो, नाहीतर आणखी पाच वर्षं मागून घेतो.

आणि दीड मार्काचं. पहिल्या पेपरात एका प्रश्नाला २ गुण, चुकला तर अर्धा गुण जातो. म्हणजे तू एका प्रश्नानेही राहिलेला नाहीस. चुकलेले प्रश्न काढ आणि वेगळे कर: येतच नव्हता, येत होता पण घाईत चुकला, उगाच तुक्का मारला. माझे तुक्केच सर्वांत जास्त निघाले होते. ते कमी करायला मनोबल लागत नाही, पेन खाली ठेवता यावं लागतं.

मात्र दोनेक आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणंच नको असं मनात येत असेल, तर हे खंबीरपणाचं प्रकरण राहत नाही. डॉक्टरकडे जा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या ओळखीच्या एकाने उशिरा का होईना फोन केला, आज बरा आहे.

अभ्यासिकेच्या लाजेचं म्हणशील, तर मी सरळ जागा बदलून घेतली होती. खिडकीकडची, महिना शंभर रुपये जास्त देऊन.