सही करण्याआधी वही वाचा

ताई, शाळा व्यवस्थापन समितीत आलात, छान झालं. एकच सांगते: इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहून झाल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या पानावर तर मुळीच नाही. ‘नंतर लिहून घेतो’ हे पालुपद ऐकू येईलच! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात, त्या काही कोरम भरायला नव्हेत. अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणं समितीचंच काम. मुख्याध्यापकांशी भांडू नका, पण पावत्या मागा. खिचडीच्या वेळी अधूनमधून जाऊन चव घ्या, तांदळाची पोती बघा. छत गळत असेल तर तोंडी तक्रार नको; गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.