फुकटात मिळालेला आठवडा

प्रश्न : आमच्या मोठ्या भाऊजींनी २००९ मध्ये एका रिसॉर्ट कंपनीचं २५ वर्षांचं टाइमशेअर (दरवर्षी एक ठरलेला आठवडा तिथे राहण्याचा हक्क) घेतलं. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. ‘फुकट घ्या, फक्त वर्षाचे १९ हजार मेंटेनन्स भरा,’ म्हणतात. आठवडा पावसाळ्यातला आहे. घ्यावं का? – एक वाचक, रावेर

उत्तर : ताई, भाऊजींचं मन मोठं आहे, पण कागद आधी बघा. टाइमशेअर म्हणजे सातबारा नव्हे. तुमच्या नावावर खोली होत नाही, मुदतीपुरता राहण्याचा हक्क मिळतो. तोही कंपनीने हस्तांतर मान्य केलं तरच. त्याची फी वेगळी. मागची थकबाकी नाही, असं लेखी घ्या, नाहीतर ती तुमच्याच गळ्यात.

मुदत २०३४ ला संपते. १९ हजार भागिले सात म्हणजे रात्रीचे साधारण २,७००, प्रवास आणि जेवण वेगळं. गेलात नाही तरी पैसे भरायचेच, आणि ही रक्कम बहुधा दरवर्षी वाढते. पावसाळ्यात त्याच गावात चांगली खोली कितीला मिळते, फोन करून विचारा. शाळा सुरू असताना मुलांना नेणार कसं? आणि केळीची कापणी त्याच आठवड्यात आली, तर घरातलं कोण निघणार?

पावसाळ्याऐवजी सुट्टीतला आठवडा बदलून मिळतो, असं कंपनीचा एजंट सांगेल. करारात दाखवा म्हणा. मी तरी घेणार नाही. भाऊजींना नाही म्हणणं जड जात असेल, तर यंदा त्यांच्याच नावावर पाहुणे म्हणून जाता येतं का, ते विचारा.