भंगारातल्या लोखंडापासून शोभेची मराठेशाही शस्त्रे घडवायची असतील, तर सुरुवात कशापासून करावी?

भिंतीवर लावण्यासाठी मराठेशाही धाटणीची तलवार घरच्या घरी घडवता येईल का आणि त्यासाठी ट्रकच्या कमानीचा पाटा चालेल का, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे सुट्टीच्या दिवशी हेच काम करत आलो आहे आणि माझे आग्रहाचे सांगणे असे की, पहिली वस्तू म्हणून तलवार घेऊ नये, ढाल घ्यावी.

कमानीच्या पाट्याचे पोलाद लोहार कोयत्यांसाठी घेतात, कारण पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, ते कडक होते आणि धार टिकवते. शोभेच्या वस्तूला धार नकोच असते, त्यामुळे त्या पोलादाशी झगडण्यात अर्थ नाही. पुढे तलवार केलीत तरी साधी तीन मिलिमीटरची लोखंडी पट्टी पुरेल. शिवाय नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील २०१६ च्या नियमांमध्ये गणली जातात. म्हणून कडा बोथट आणि टोक गोल ठेवा, ती मिरवणुकीत नेऊ नका आणि काम हाती घेण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

ढालीसाठी भंगारवाल्याकडून लोखंडी पिंपाचे सुटे झाकण घ्यावे. अखंड पिंप कापायला घेऊ नये, कारण आत रसायनाची वाफ राहिली असेल तर ग्राइंडरच्या एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. झाकणातून दीड फूट व्यासाची चकती कापावी, रंग पूर्ण खरवडून काढावा, लाकडी ओंडक्यात उथळ खळगा कोरावा आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेपासून मध्याकडे फेऱ्या घेत चकती त्या खळग्यात ठोकत जावी. सुरुवातीला कडेला लाटा उठतात. घाबरू नये, त्या लगेच हलक्या हाताने बसवून टाकाव्यात. काही फेऱ्यांनंतर ठोक्याचा आवाज चढतो आणि हातोडी उसळू लागते. याचा अर्थ पत्रा ताठरला आहे. तेव्हा तो मंद लाल होईपर्यंत तापवून राखेत हळूहळू निवू द्यावा आणि मगच पुढे जावे. शेवटची सफाई म्हणजे मठारकाम, म्हणजे हलक्या ठोक्यांनी पृष्ठभाग एकसारखा करणे. पुण्याच्या तांबट आळीत हंड्यावर एकाला लागून एक पडणारे ठोके एकदा उभे राहून पाहिलेत, तर हाताला किती जोर हवा हे माझ्या कोणत्याही वर्णनापेक्षा चांगले कळेल.

ढालीवर बाहेरून बसवलेली धातूची चार फुले केवळ नक्षी नसतात. त्यांच्या मागच्या खिळ्यांत आतल्या कड्या अडकवलेल्या असतात, कड्यांतून मुठीचे पट्टे जातात आणि बोटांच्या मागे गादी येते. म्हणून फुलांच्या जागा कंपासने न ठरवता आपली मूठ आतून टेकवून आखाव्यात. माझ्या पहिल्या ढालीत मी फुले शोभेसाठी दूर दूर लावली आणि ती हातात धरताच येईना. फुलांसाठी मोडीतले पितळ उत्तम. शेवटी ढाल गरम करून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. काळसर झाक येते आणि गंजही आटोक्यात राहतो.

चिलखताची ओढ असेल, तर आधी तारेच्या कड्यांचा तळहाताएवढाच तुकडा विणून पाहा. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते आणि पूर्ण अंगरख्याला अशा हजारो कड्या लागतात. कुंपणाची जस्त चढवलेली तार मात्र कधीही तापवू नका. मी बंद खोलीत तापवली होती, तेव्हा रात्रभर हुडहुडी भरून ताप आला होता. तो जस्ताच्या धुराचा परिणाम होता.

आणखी एक विनंती आहे. वस्तू मुद्दाम गंजवून जुनी भासवू नका. ढालीच्या आतल्या बाजूला, गादीखाली झाकले जाणार नाही अशा जागी, छिन्नीने आपले नाव आणि घडवल्याचे वर्ष कोरा, म्हणजे उद्या ती दुसऱ्याच्या हाती गेली तरी कोणी शिवकालीन म्हणून विकू शकणार नाही.